पोस्टइन्स्ट एकदाच चालतं हे आधी डोक्यातून काढ

तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण तो एक प्रश्न नाहीये, चार आहेत आणि तू चारही एकाच पोत्यात भरलेत. मला काय समजलं ते आधी सांगतो म्हणजे मधे येऊन वाचणाऱ्यालाही कळेल. तुमची अंबडमधली छोटी टीम, कोल्ड स्टोरेजचं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर, ते डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या डब्यांवर (म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर) डेब पॅकेज म्हणून टाकता, आणि डबे पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधे बसलेत. तक्रारी अशा. डीपीकेजी-रीकॉन्फिगर (इन्स्टॉलच्या वेळचे प्रश्न परत विचारणारी कमांड) चालवून नवा पोर्ट दिला तर काहीच बदललं नाही. साईटवरच्या माणसानं इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली फाईल हातानं बदलली होती ती पुढच्या अपग्रेडला परत पूर्वीसारखी झाली. १.९ वरून १.१० ला जाताना डेटाबेसचं मायग्रेशन (त्याची रचना नव्या व्हर्जनला जुळवणं) चाललंच नाही, आणि दिंडोरीच्या एका डब्यावर तर पहिल्याच इन्स्टॉलला 'युजर आधीच आहे' म्हणून गाडी अडकली. आणि दोन डबे 'सेटिंग अप' या ओळीवर येऊन थांबतात ते थांबतातच, एंटर मारा नाहीतर काहीही मारा.

तू पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (पॅकेजच्या फाईली उघडल्यावर शेवटी चालणारं) पण टाकलंस ते बरं केलंस. त्याचा सांगाडा असा आहे: दुसरं आर्ग्युमेंट (स्क्रिप्ट बोलावताना दिलेला दुसरा शब्द) रिकामं असेल तर नवं इन्स्टॉल, मग युजर बनव, कॉन्फिग लिही, सर्व्हिस चालू कर. दुसरं आर्ग्युमेंट चालू व्हर्जनपेक्षा वेगळं असेल तर अपग्रेड, मग डेबकॉन्फमधून (इन्स्टॉलला प्रश्न विचारणारं टूल) उत्तरं काढून कॉन्फिग परत लिही, मायग्रेशन चालव, सर्व्हिस चालू कर. बास. दोनच फांद्या.

खरी गोम इथंच आहे भाऊ. तू असं धरून चाललायस की या स्क्रिप्टच्या आयुष्यात दोनच प्रसंग येतात, बारसं आणि वाढदिवस. डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, तिला किती वेगवेगळ्या वेळी बोलावतं बघ. नव्या इन्स्टॉलला 'कॉन्फिगर' हा शब्द आणि पुढं काही नाही. अपग्रेडला 'कॉन्फिगर' आणि शेवटी यशस्वी कॉन्फिगर झालेलं व्हर्जन. त्याच व्हर्जनचं री-इन्स्टॉल केलं तर 'कॉन्फिगर' आणि तेच व्हर्जन. डाउनग्रेडला 'कॉन्फिगर' आणि जास्तीचं व्हर्जन. अपग्रेड मधेच फसलं तर जुन्या पॅकेजच्या पोस्टइन्स्टला 'अबॉर्ट-अपग्रेड'. काढायला गेलो आणि जमलं नाही तर 'अबॉर्ट-रिमूव्ह'. ट्रिगर असतील तर 'ट्रिगर्ड'. आणि एक मजेशीर प्रकार, पॅकेज काढलं पण पर्ज (सेटिंगसकट साफ) केलं नाही, म्हणजे यादीत 'आरसी' दिसतं, आणि मग परत टाकलं, तर तुझ्या दृष्टीनं ते नवं इन्स्टॉल पण दुसरं आर्ग्युमेंट रिकामं नसतं, त्यात आधीचं व्हर्जन येतं. म्हणजे 'रिकामं म्हणजे नवं' हे समीकरण तिथंच मोडलं.

आता रीकॉन्फिगर. डीपीकेजी-रीकॉन्फिगर आतून तीन गोष्टी करतं आणि ह्याच क्रमानं: आधी तुझं प्रीआरएम (पॅकेज काढायच्या किंवा बदलायच्या आधीचं स्क्रिप्ट) 'अपग्रेड' आणि चालू व्हर्जन देऊन चालवतं, मग कॉन्फिग स्क्रिप्ट (प्रश्न विचारणारं) 'रीकॉन्फिगर' देऊन, मग पोस्टइन्स्ट 'कॉन्फिगर' आणि चालू व्हर्जन देऊन. नीट बघ, पोस्टइन्स्टला 'रीकॉन्फिगर' असा शब्द मिळतच नाही. दुसरं आर्ग्युमेंट रिकामंही नाही आणि वेगळंही नाही, त्यामुळं तुझ्या दोन्ही फांद्या हुकतात आणि स्क्रिप्ट काहीही न करता शहाण्यासारखं शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत देतं. युजरनं स्क्रीनवर नवा पोर्ट टाकला, तो डेबकॉन्फच्या डेटाबेसमधे जाऊन बसला, फाईलपर्यंत आलाच नाही. ही झाली तुझी पहिली तक्रार. आणि एक सांगू का, तू लिहिलं नाहीस पण पैजेवर सांगतो, रीकॉन्फिगर केल्यावर सर्व्हिस बंद पडलेली असणार. कारण तुझं प्रीआरएम अपग्रेडला सर्व्हिस थांबवतं, आणि परत चालू करायचं काम ज्या फांद्यांमधे आहे त्यात शिरलंच नाही कोणी. लोकांनी डबा बंद-चालू केला असेल आणि 'लाईट गेली असेल' म्हणून सोडून दिलं असेल, आपल्याकडं ते कारण कधीही खपतं.

रीकॉन्फिगर चालू असताना डेबकॉन्फ_रीकॉन्फिगर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ असतं, ते तपासून तिसरी फांदी जोडता येईल, बरेच जण तेच करतात. मी म्हणेन नको करू. तीन फांद्या झाल्या की चौथा प्रसंग येतो, आणि ये रे माझ्या मागल्या. त्यापेक्षा फांद्याच काढून टाक. 'कॉन्फिगर' शब्द आला की दरवेळी तेच करायचं: युजर आहे का बघ, नसेल तर बनव. कॉन्फिग फाईल आहे का बघ, नसेल तर साच्यावरून बनव, असेल तर फक्त आपल्या चार ओळी जागच्या जागी बदल. डेटाबेस कुठल्या आकाराचा आहे ते डेटाबेसलाच विचार आणि लागेल तेवढंच पुढं ने. सर्व्हिस चालू कर. मशीन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते बघून काम करायचं, आपण कुठून आलो असू याचा अंदाज बांधून नाही. दुसऱ्या आर्ग्युमेंटची गरज मग अगदी क्वचित पडते.

'युजर आधीच आहे' ची भानगड पण ह्यातूनच आलीय. तुझं युजरॲड कमांड युजर असेल तर ९ हा एक्झिट कोड देतं, वर सेट मायनस ई लावलेलं आहे, म्हणजे स्क्रिप्ट तिथंच मरतं. पण नव्या मशीनवर युजर आधीच कसा? कारण पहिल्यांदा स्क्रिप्ट चाललं, युजर बनला, आणि पुढं कुठंतरी, बहुतेक सर्व्हिस चालू होताना नेट नव्हतं म्हणून, ते फसलं. कोणीतरी मग डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए (अर्धवट पॅकेजं पूर्ण करायची कमांड) मारलं. पॅकेज एकदाही यशस्वी कॉन्फिगर झालेलं नाही त्यामुळं दुसरं आर्ग्युमेंट परत रिकामंच, परत 'नवं इन्स्टॉल' फांदी, परत युजरॲड. म्हणजे जी चूक पहिल्यांदा झाली ती कुठल्या कुठं गेली आणि तू बसलायस युजरच्या मागं. ॲडयुजर मायनस मायनस सिस्टीम वापर, तो सिस्टीम युजर आधी असेल तर गपचूप शून्य देतो.

अपग्रेडमधे पण हेच. पोस्टइन्स्ट मायग्रेशनच्या मधे फसलं तर पुढच्या प्रयत्नाला दुसरं आर्ग्युमेंट जुनंच असतं, म्हणजे मायग्रेशन पहिल्यापासून सुरू, आणि अर्धे कॉलम आधीच जोडलेले. म्हणून म्हणतो आकार डेटाबेसला विचार. एक छोटं टेबल ठेव त्यात एक आकडा, प्रत्येक पायरी झाली की तोही त्याच ट्रान्झॅक्शनमधे वाढव.

१.९ आणि १.१० चं तर तुला आता लक्षात आलंच असेल. तू शेलमधे दोन व्हर्जन शब्दांसारखे तोललेस, आणि शब्द म्हणून '१.९' हा '१.१०' पेक्षा मोठा कारण ९ हा १ च्या नंतर येतो. म्हणून 'जुनं व्हर्जन लहान असेल तर मायग्रेशन' ही अट खोटी ठरली. १.८ वरून १.९ ला सगळं सुरळीत झालं होतं म्हणून कोणाला शंका आली नाही. तोलायचंच असेल तर डीपीकेजीचा कम्पेअर-व्हर्जन्स ऑप्शन आहे, त्याला इपॉक (व्हर्जनच्या आधी लावलेला आकडा), टिल्ड (~), सगळं कळतं. त्यातही एक खड्डा आहे. साधं 'एलटी' (पेक्षा लहान) रिकाम्या व्हर्जनला सगळ्यात जुनं मानतं, म्हणजे नव्या इन्स्टॉलवरही तुझी 'जुन्यांसाठीची' पायरी चालेल आणि नसलेलं टेबल शोधत बसेल. 'एलटी-एनएल' वापरलंस तर रिकामं सगळ्यात नवं धरलं जातं आणि पायरी टळते. आणि ज्या आकड्याशी तोलतोस त्याच्या शेवटी टिल्ड लाव, १.१०-१~ असं, म्हणजे बॅकपोर्ट केलेलं (जुन्या डेबियनसाठी बनवलेलं) १.१०-१~बीपीओ सारखं व्हर्जन पण 'नव्या' बाजूला पडतं.

आता हातानं बदललेल्या फाईलचं. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं कारण बाकी बग तुला त्रास देतात, हा बग दुसऱ्याचं काम पुसतो. पॅकहाऊसमधल्या माणसानं रात्री अकरा वाजता टॉर्च धरून फाईलमधे सर्व्हरचा पत्ता बदलला, डबा चालू केला, घरी गेला. महिन्यानं तुमचं अपग्रेड आलं आणि त्यात पोस्टइन्स्टनं डेबकॉन्फला विचारलं 'काय रे पत्ता काय होता', त्यानं मार्चमधे दिलेलं उत्तर सांगितलं, फाईल त्याच्यावरून परत लिहिली गेली. ऐन द्राक्षाच्या सीझनमधे चेंबरचं तापमान कुठं जातंय ते कोणालाच कळत नाही.

डेबकॉन्फ हे रजिस्टर नाहीये, ते प्रश्न विचारून उत्तर पोस्टइन्स्टपर्यंत पोचवणारं पोऱ्या आहे. त्याच्या मॅन्युअलमधेही हेच लिहिलंय की त्याला रजिस्ट्रीसारखं वापरू नका. खरं काय ते इटीसीमधल्या फाईलमधे. म्हणून कॉन्फिग स्क्रिप्टनं पहिलं काम काय करायचं, तर फाईल असेल तर ती वाचून त्यातल्या किंमती डीबी_सेट नं डेबकॉन्फमधे भरायच्या, आणि मग डीबी_इनपुट, डीबी_गो नं प्रश्न दाखवायचे. असं केलं की रीकॉन्फिगरच्या स्क्रीनवर मार्चमधलं उत्तर न दिसता आज फाईलमधे जे आहे तेच दिसतं, आणि अपग्रेडला प्रश्न नाही विचारला तरी पोस्टइन्स्टला जी किंमत मिळते ती माणसानं शेवटची ठेवलेलीच असते, त्यामुळं परत लिहिलं तरी काही बिघडत नाही.

कॉन्फिग स्क्रिप्ट लिहिताना दोन गोष्टी. एक, ते दोनदा चालू शकतं, एकदा पॅकेज उघडायच्या आधीच, एकदा पोस्टइन्स्ट सुरू होताना. पहिल्या वेळी तुझ्या पॅकेजमधली एकही फाईल मशीनवर नसते, तुझी पायथन लायब्ररी वगैरे काही नसतं, त्यामुळं तिथं साधं शेल आणि मूळ सिस्टीममधल्या कमांड एवढंच वापर, आणि तिथं काही बनवू-बिनवू नको, फक्त वाच आणि विचार. दोन, डीबी_इनपुट प्रश्न दाखवायचा नसेल तर ३० हा कोड देतं, आणि सेट मायनस ई असेल तर स्क्रिप्ट तिथं मरतं. तुझ्या लॅपटॉपवर प्रश्न दिसतो म्हणून सगळं छान, आणि साईटवर नॉनइंटरॲक्टिव्ह अपग्रेडला फट्. त्यामुळं त्याच्यापुढं 'ऑर ट्रू' लावायचंच.

पोस्टइन्स्टमधे फाईल बदलताना पूर्ण फाईल छापू नकोस. लोक त्यात कॉमेंट लिहितात, 'हा पोर्ट बदलू नये, पाटील साहेबांना विचारणे' असल्या, त्या राहिल्या पाहिजेत. आधी सीपी मायनस ए नं टेम्प फाईल बनव म्हणजे मालक आणि परमिशन तशाच राहतात, ओळ नसेल तर शेवटी जोड, असेल तर सेड या कमांडनं तेवढीच ओळ बदल, आणि शेवटी एमव्ही. मधे लाईट गेली तरी एकतर जुनी फाईल असेल नाहीतर नवी, अर्धी नाही.

थांब, इथं अजून एक लफडं आहे जे तुला अजून दिसलेलं नाही पण दिसणार. तुझ्या पॅकेजमधे ती फाईल इटीसीच्या आत थेट ठेवलेली आहे. डेबहेल्पर (पॅकेज बनवायला मदत करणारं टूल) इटीसीमधल्या प्रत्येक फाईलला आपोआप कॉन्फफाईल करतं. म्हणजे डीपीकेजी तिच्यावर लक्ष ठेवून आहे, आणि तुझं पोस्टइन्स्ट पण तिच्यात सेड मारतंय. एका फाईलला दोन मालक. डेबियन पॉलिसीत याला सरळ मनाई आहे. आजवर वाचलास कारण तू मूळ फाईल कधी बदलली नाहीस. ज्या दिवशी तिच्यात नवा ऑप्शन जोडशील त्या दिवशी डीपीकेजी म्हणेल की ही फाईल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टनं बदललेली आहे, काय करू. ज्यानं कधी फाईलला हात लावला नाही त्यालाही विचारेल. आणि समोर माणूसच नसेल तर इनपुट संपलं म्हणून एरर देऊन पॅकेज अर्धवट ठेवेल. फोर्स-कॉन्फओल्ड, फोर्स-कॉन्फडेफ हे ऑप्शन देऊन तो प्रश्न दाबता येतो पण ती मलमपट्टी.

माझा उपाय साधा आहे, फाईली दोन कर. सगळे डिफॉल्ट युएसआर-शेअरमधल्या फाईलमधे, तिला कोणी हात लावायचा नाही, दर अपग्रेडला बिनधास्त बदलेल. आणि इटीसीमधे फक्त साईटच्या चार-पाच ओळींची फाईल, जी पॅकेजमधे नाहीच, पोस्टइन्स्ट बनवतं. प्रोग्राम आधी पहिली वाचतो मग दुसरी. युसीएफ पण आहे या कामासाठी, मोठी फाईल असेल आणि लोक त्यात खूप खेळत असतील तर ते बरं पडतं, तुझ्यासाठी जड होईल.

जुन्या फाईलचं काय? तिचं नाव बदलून टाक, म्हणजे नव्या साईट फाईलला वेगळं नाव दे आणि जुनीला डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्परच्या आरएम_कॉन्फफाईल नं निरोप दे. ते हेल्पर फाईल न बदललेली असेल तर काढून टाकतं, आणि बदललेली असेल तर शेवटी डॉट-डीपीकेजी-बॅक लावून ठेवून देतं. तुझ्याकडं सेडमुळं बहुतेक डब्यांवर ती बदललेलीच निघणार. पोस्टइन्स्टमधे डेबहेल्परची खूण (जिथं ते आपला कोड घालतं) जिथं आहे तिच्यानंतर तो बॅक वाचून किंमती नव्या फाईलमधे घे, हे विसरलास तर सगळे डबे एका रात्रीत डिफॉल्ट पत्त्यावर जातील. आणि कॉन्फिग स्क्रिप्टलाही त्या एका अपग्रेडसाठी जुन्या नावाची फाईल वाचता आली पाहिजे, कारण ते सगळ्यात आधी चालतं, तेव्हा जुनी फाईल अजून जागेवर असते.

डेबहेल्परची खूण म्हटलं म्हणून, तुझ्या पोस्टइन्स्टमधे ती खूण 'एक्झिट शून्य' च्या खाली आहे. म्हणजे डेबहेल्परनं जोडलेलं काहीही, सिस्टमडीचं (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) युनिट इनेबल करणं वगैरे, कधी चालतच नाही. मला वाटतं म्हणूनच तू सर्व्हिस हातानं अँपरसँड (&) लावून, म्हणजे बॅकग्राउंडला, चालू करत होतास. आणि तेच तुझ्या चौथ्या तक्रारीचं मूळ.

लटकण्याचं असं आहे. पोस्टइन्स्टमधे कॉन्फमॉड्यूल (डेबकॉन्फशी बोलायची लायब्ररी) सोर्स केलं की डेबकॉन्फचा फ्रंटएंड आणि तुझं स्क्रिप्ट यांच्यात एक पाईप तयार होतो, स्क्रिप्टच्या बाजूला तो तीन नंबरच्या फाईल डिस्क्रिप्टरवर असतो. तू डेमनला, म्हणजे तुझ्या सतत चालणाऱ्या सर्व्हिसच्या प्रोग्रामला, थेट बॅकग्राउंडला टाकलंस की तो हा डिस्क्रिप्टर वारशात घेऊन जातो. स्क्रिप्ट संपलं, पण पाईपचं एक टोक डेमननं धरून ठेवलंय, फ्रंटएंड वाट बघतोय की समोरचा अजून काहीतरी बोलेल, आणि डेमन तर मरेपर्यंत सोडणार नाही. म्हणून एंटरनं काही होत नाही. दुसऱ्या टर्मिनलवरून डेमन मारून बघ, अपग्रेड लगेच पुढं सरकेल, निदानाची हीच चाचणी. दोनच डब्यांवर का, तर माझा अंदाज बाकीच्यांवर डेमन स्वतः डिस्क्रिप्टर बंद करणाऱ्या जुन्या रॅपरमधून चालतोय, बघ जरा. उपाय, डेमन चालू करायच्या आधी डीबी_स्टॉप, म्हणजे डेबकॉन्फशी बोलणं संपवायचं. आणि खरा उपाय सिस्टमडीला चालू करू दे, तो तुझ्या स्क्रिप्टचं पोर नसतो त्यामुळं काही वारसा नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण तुझं पोस्टआरएम (पॅकेज काढल्यावर चालणारं स्क्रिप्ट) बघून मला घाम फुटला. खूप वर्षांपूर्वी सातपूरला एका छोट्या कंपनीत होतो, सिन्नरकडच्या एका दूध संकलन केंद्रावर आमचं पॅकेज चालायचं. पोस्टआरएममधे मी लिहिलं होतं, डेटाची डिरेक्टरी पुसून टाक. काढल्यावर साफसफाई, स्वच्छ माणूस मी. पण पोस्टआरएमला 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' सोबत 'अपग्रेड' म्हणूनही बोलावतात, आणि मी आर्ग्युमेंट बघतच नव्हतो. पहिल्याच अपग्रेडला आठवडाभराच्या नोंदी गेल्या. गवळ्यांची उधारी-वसुली त्यावर, तिथल्या काकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण मजा पुढं आहे. मी लगेच पोस्टआरएम दुरुस्त केलं, नवं व्हर्जन बनवलं, टाकलं, आणि डेटा परत गेला. कारण अपग्रेडला पोस्टआरएम चालतं ते जुन्या पॅकेजचं. क्रम असा असतो: जुन्याचं प्रीआरएम, नव्याचं प्रीइन्स्ट, फाईली उघडतात, जुन्याचं पोस्टआरएम, आणि शेवटी नव्याचं पोस्टइन्स्ट. मशीनवर बसलेली घाण स्वतः जाताना एकदा शेवटचं काम करूनच जाते. शेवटी काय केलं, नव्या प्रीइन्स्टमधे 'अपग्रेड' आलं की डेटाची डिरेक्टरी वेगळ्या नावानं बाजूला सरकवली, जुन्या पोस्टआरएमला पुसायला काही मिळालं नाही, आणि नव्या पोस्टइन्स्टनं ती जागेवर आणली. आणि अपग्रेड मधेच रद्द झालं तर नव्या पोस्टआरएमला 'अबॉर्ट-अपग्रेड' मिळतं, तिथंही परत आणायचं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं, नशीब.

तुझ्या पोस्टआरएममधे अगदी तशीच ओळ आहे. आत्तापर्यंत डेटा गेला नाही कारण तू डेटाबेस वेगळ्या मार्गावर हलवलायस आणि ती ओळ जुन्या मार्गाकडं बोट दाखवतेय, निव्वळ योगायोग. तिथं केस लाव, म्हणजे आर्ग्युमेंट बघून काम कर, आणि पुसायचं ते फक्त 'पर्ज' ला.

प्रीआरएमबद्दल एवढंच की तू पीआयडी फाईल वाचून किल मारतोस, डेमन आधीच मेलेला असेल तर किल चूक देतं, आणि प्रीआरएम फसतं. ते जुन्या पॅकेजमधलं असल्यामुळं दुरुस्त करता येत नाही असं वाटेल, पण इथं डीपीकेजी दयाळू आहे: जुनं प्रीआरएम फसलं तर ते नव्या पॅकेजचं प्रीआरएम 'फेल्ड-अपग्रेड' म्हणून चालवतं, आणि ते शून्य देऊन गेलं तर गाडी पुढं जाते. तुझ्या नव्या प्रीआरएममधे हा शब्द हाताळ.

शोध कसा घ्यायचा ते विचारलं होतंस. सगळ्यात आधी चारही स्क्रिप्टच्या आणि कॉन्फिगच्या डोक्यावर एक ओळ टाक, वेळ, स्क्रिप्टचं नाव आणि सगळी आर्ग्युमेंट एका लॉग फाईलमधे. स्टँडर्ड आऊटपुटवर छापू नको. ही एक ओळ मला हजार फोनपेक्षा जास्त उपयोगी पडलीय, कारण माणूस फोनवर सांगतो 'मी फक्त अपडेट केलं' आणि लॉग सांगतो की साहेबांनी काढून परत टाकलं होतं. डीपीकेजीला मायनस डी २ दिलं तर तेही कुठलं स्क्रिप्ट कधी बोलावलं ते सांगतं. डेबकॉन्फसाठी डेबकॉन्फ_डीबग व्हेरिएबल 'डेव्हलपर' कर, प्रत्येक प्रश्न-उत्तर ओळीनं दिसेल. आत्ता काय साठलंय ते डेबकॉन्फ-शो नं. आणि साईटवरचं जुनं प्रकरण असेल तर व्हार-लॉगमधे एपीटीच्या फोल्डरात टर्म लॉग असतो, स्क्रीनवर जे आलं ते जसंच्या तसं, आधी तो मागव. पॅकेजच्या यादीत 'आयआय' सोडून काही दिसतंय का बघ, 'आयएफ' म्हणजे कॉन्फिगर करताना अर्ध्यात, 'आययू' म्हणजे नुसतं उघडलेलं. व्हार-लिबमधे डीपीकेजीच्या इन्फो फोल्डरात स्क्रिप्ट असतात, तिथं जाऊन हातानं बदलून पुढं ढकलता येतं, मीही केलंय, पण मग कुठल्या डब्यावर काय बदललं ते वहीत लिही, नाहीतर सहा महिन्यांनी तूच तुझ्यावर चिडशील.

एक शेवटच्या ओळीचा सापळा, तुझ्यात नाही पण सगळ्यांना चावतो: स्क्रिप्टच्या अगदी शेवटी 'फाईल असेल तर अमुक कर' हे ब्रॅकेट आणि दोन अँपरसँडनं लिहिलं आणि फाईल नसली, तर स्क्रिप्टचाच एक्झिट कोड १ होतो आणि डीपीकेजी म्हणतं पोस्ट-इन्स्टॉलेशन फसलं. काही फसलेलं नसतं. इफ लिही.

टेस्टिंग डब्यावर करू नको, कंटेनरमधे कर, आणि फक्त इन्स्टॉल-अपग्रेड नाही. इन्स्टॉल, रीकॉन्फिगर, तेच परत इन्स्टॉल, फाईल हातानं बदलून अपग्रेड, फाईल उडवून अपग्रेड, काढून परत, पर्ज करून परत, आणि पोस्टइन्स्टच्या मधे मुद्दाम 'एक्झिट १' घालून अडकवून मग ते काढून कॉन्फिगर मायनस ए. हे सगळं नॉनइंटरॲक्टिव्हमधे एकदा आणि प्रश्नांसकट एकदा. आणि जी जी व्हर्जन खरोखर शेतात आहेत त्या प्रत्येकावरून, फक्त मागच्या एकावरून नाही, वणीकडच्या कुठल्यातरी डब्यावर अजून १.६ असणारच. यातलं बरंचसं पाईयूपार्ट्स नावाचं टूल आपोआप करतं, ते इन्स्टॉल, अपग्रेड, पर्ज करून मागं काय कचरा राहिला ते दाखवतं. रीकॉन्फिगर मात्र स्वतःचं स्वतः तपास. शेलचेक आणि लिंटियन ही चुका शोधणारी टूल तर चालवच, फुकट आहेत.

कोणीतरी खाली आरपीएमवर (पॅकेजची दुसरी पद्धत) जा म्हणून सल्ला दिलाय. जा हवं तर, तिथं प्रश्न विचारायची भानगड नाही हे खरं. पण तिथं क्रमच वेगळा, नव्याचं पोस्ट आधी चालतं आणि जुन्याचं प्रीयुएन, पोस्टयुएन (काढण्याआधीचं आणि नंतरचं स्क्रिप्ट) नंतर, आणि आर्ग्युमेंटमधे व्हर्जन नाही तर किती प्रती उरतील तो आकडा येतो. प्रीयुएनमधे तो आकडा न बघता सर्व्हिस बंद केली की अपग्रेडनंतर नवी सर्व्हिस जुनं पॅकेज बंद करून जातं. खड्डा तोच, रस्ता वेगळा.

आता आजचं. १.११ सगळीकडं सोडू नको. आधी त्यात फक्त लॉगची ओळ, पोस्टआरएमची केस, प्रीआरएमचं फेल्ड-अपग्रेड आणि डीबी_स्टॉप एवढंच घाल, कॉन्फिगच्या दोन फाईली १.१२ ला. १.१० वर ज्यांचं मायग्रेशन हुकलंय त्यांचं दुसरं आर्ग्युमेंट आता १.१० येणार, त्यामुळं '१.१० पेक्षा जुनं' ही अट दुरुस्त करूनही त्या डब्यांवर मायग्रेशन कधीच चालणार नाही, तिथं डेटाबेसचा आकार बघणारा कोडच लागेल, तो अपवाद म्हणून १.११ मधेच घे. अडकलेल्या दोन डब्यांवर अपग्रेड मारून टाकू नको, डेमन मार आणि अपग्रेडला आपोआप संपू दे. आणि दिंडोरीच्या डब्याचा टर्म लॉग टाक, पहिल्यांदा नेमकं काय फसलं होतं ते मला बघायचंय, नेट नव्हतं हा माझा अंदाजच आहे.